शाळेचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

व्यापारी मनुष्याने बाजाराच्या मर्यादांविषयी लिहावे, हे कित्येकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. ज्यांची उपजीविका सौद्यावर चालते, ज्यांच्या घरी दिवाळीस वहीपूजन होते, त्यांनी बाजाराचे गुणगान करावे, अशीच साधारण अपेक्षा असते. आम्हांस मात्र असे वाटते की, बाजाराची योग्य जागा कोणती आणि अयोग्य कोणती, हे सांगण्याचा अधिकार बाजारात आयुष्य घालविणाऱ्यांसच अधिक पोचतो. वजनकाटा कशासाठी असतो हे ज्यास कळते, त्यासच काट्यावर काय ठेवू नये हेही कळते. आमच्या सभासद बंधुभगिनींपुढे सरकारी शाळांचा प्रश्न मांडताना हीच दृष्टी आम्ही स्वीकारली आहे.

गेल्या काही दशकांत सार्वजनिक शिक्षणाच्या धोरणात एक नवी विचारसरणी हळूहळू शिरली आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास ते 1955 साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलेल्या एका निबंधापर्यंत जाते. सरकारने शाळा चालविण्याऐवजी पालकांच्या हाती शिक्षणाची हुंडी द्यावी, पालकांनी ती हव्या त्या शाळेत वटवावी, आणि शाळांनी विद्यार्थ्यांसाठी परस्परांत चढाओढ करावी, असे त्या विचाराचे सार होय. या मांडणीत पालक हे गिऱ्हाईक ठरते, शाळा हे दुकान ठरते, पटसंख्या ही विक्री ठरते. आणि ज्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही ते बंद व्हावे, हे ओघानेच येते. विचार सुटसुटीत आहे व व्यापाऱ्याच्या कानास गोडही लागतो. म्हणूनच तो अधिक बारकाईने पारखून घेतला पाहिजे.

आपल्या भागात हा विचार हुंडीच्या रूपाने आला नाही. तो पटसंख्येच्या हिशेबाच्या, माध्यमबदलाच्या आणि देणगीच्या दरपत्रकाच्या रूपाने आला. तेलंगण सरकारने जानेवारी 2022 मध्ये सर्व सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम सुरू करण्याचा निर्णय घेतला व 2022-23 पासून त्याचा आरंभ झाला. खासगी शाळांकडे जाणारा पालकांचा ओघ थांबवावा, हा त्यामागील एक उघड हेतू होता. समोरच्या दुकानात जो माल खपतो तोच आपल्याही दुकानात ठेवावा, अशी ही युक्ती. त्याच वर्षी ‘मन ऊरु मन बडी’ या योजनेखाली 26,065 शाळांच्या सुधारणेसाठी 7,289 कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. तो संकल्प मोठा होता व त्याचे स्वागत करणेच योग्य होते. तथापि शाळा पुन्हा भरू लागल्या, असे आकडे सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या 2024-25 च्या शालेय माहितीनुसार देशात एकही विद्यार्थी नसलेल्या शाळा 7,993 होत्या. त्यांपैकी 2,245 एकट्या तेलंगणात होत्या. समोरच्या दुकानाची पाटी आपल्या दुकानावर लावल्याने गिऱ्हाईक परतत नाही, हे कोणाही दुकानदारास सांगावे लागू नये.

पैनगंगेच्या पलीकडेही चित्र फारसे निराळे नाही, आणि आपल्यापैकी अनेकांची सोयरीक तिकडे असल्याने तेही आपणांस परके नाही. महाराष्ट्रात 2012 साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि 2017 च्या दुरुस्तीने कंपन्यांनाही शाळा काढण्याची वाट मोकळी झाली. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला; अशा शाळांची संख्या 14,783 आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक लाख पंचाऐंशी हजार असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. फेब्रुवारी 2024 मध्ये, ज्या विनाअनुदानित खासगी शाळांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल त्यांना दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द ठरविली, हे बरेच झाले. ती टिकली असती तर श्रीमंतांची शाळा व गरिबांची शाळा यांच्यामध्ये कायद्याचीच भिंत उभी राहिली असती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शाळेस बाजाराचा नियम लावण्यात चूक ती कोणती?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, खुद्द कापसाचा बाजारदेखील आपण कधी निव्वळ बाजारावर सोडलेला नाही. वऱ्हाडातील कारंजा येथे 1886 साली निजामाच्या मुलखासाठी असलेल्या रेसिडेंटच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हैदराबाद संस्थानातही 1930 मध्ये शेतमाल बाजारांचा कायदा आला. हे कशासाठी करावे लागले? कारण विकणारा शेतकरी एकटा, कर्जात बुडालेला व घाईत असे. घेणारा माहीतगार व सवडीचा असे. काटा कोणाचा, अडत किती, पैसे केव्हा मिळणार, हे ठरविण्यास त्रयस्थ सत्ता लागली. ज्या व्यवहारात दोन्ही पक्ष प्रौढ आहेत, मालाची पारख उघड्यावर होते आणि उद्या दुसऱ्या बाजारात गाडी नेण्याची सोय आहे, त्या व्यवहाराची ही स्थिती. मग जेथे सहा वर्षांचे मूल हाच एक पक्ष आहे, मालाची पारख होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि झालेला तोटा कोणत्याही मार्गाने भरून येत नाही, तेथे केवळ चढाओढीने न्याय होईल, असे मानणे भाबडेपणाचे नव्हे काय?

दुसरी गोष्ट मापाची. आदिलाबादच्या कापूस बाजारात हंगाम सुरू झाला की ओलाव्याचा वाद ठरलेला असतो. भारतीय कपास निगम आठ टक्के ओलाव्यास पूर्ण हमीभाव देते, पुढे प्रमाणात कपात करते आणि बारा टक्क्यांवर गेलेला कापूस नाकारते. व्यवहारास माप हवे, हे आम्हांस मान्य आहे. पण शेतकऱ्याने कापूस वेचला तेव्हा पाऊस होता की दव होते, त्याच्याकडे वाळविण्यास जागा होती की नव्हती, हे ते यंत्र सांगत नाही. ते फक्त ओलावा सांगते. शाळेचा पट आणि परीक्षेतील गुण ही मापेही अशीच आहेत. पट कमी आहे एवढे ती सांगतात, तो का कमी झाला हे सांगत नाहीत. एक शिक्षक पाच इयत्ता शिकवितो, त्यालाच जनगणना, निवडणूक व माध्याह्न भोजनाचे कागद सांभाळावे लागतात, निवृत्त शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. आणि मग पट घटला म्हणून शाळा मोडीत काढण्याचा प्रस्ताव येतो. 2024-25 मध्ये देशात एका शिक्षकावर चालणाऱ्या शाळा एक लाखाहून अधिक होत्या. दुकानात माल भरायचा नाही, कपाटे रिकामी ठेवायची, आणि विक्री नाही म्हणून दुकानास टाळे लावायचे, असा व्यवहार आपल्या पेढीवर कोणी मुनीमाने केला तर आपण त्यास काय म्हणू?

तिसरी गोष्ट पाड्यांची. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा मोठा भाग डोंगराळ व विखुरलेला आहे. गोंड आणि कोलाम यांची वस्ती लहान लहान गुड्यांतून राहते. अशा ठिकाणी शाळा कधीच ‘परवडणार’ नाही. 1940 साली जोडेघाट येथे कोमरम भीम यांचा लढा रक्तात बुडविला गेल्यानंतर निजाम सरकारला या मुलखाकडे पाहावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके तयार झाली. त्या केंद्राने किती नफा मिळविला, असे कोणी विचारल्यास उत्तर शून्य येईल. पण ज्या समाजात लिहिता-वाचता येणारा मनुष्य विरळा होता, त्यातूनच शिक्षक उभे राहिले. कोणत्याही खासगी मालकाने त्या काळी मारलवाईच्या जंगलात शाळा काढली नसती, व त्याबद्दल त्यास दोषही देता येत नाही. जेथे बाजार जाऊ शकत नाही तेथे जाणे, हेच तर राज्याचे काम.

या मताविरुद्ध जे म्हटले जाते तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. 2000 सालापासून जेम्स टूली या इंग्रज प्राध्यापकाने हैदराबादच्या जुन्या शहरातील अल्प फीच्या शाळांचा अभ्यास करून जगाच्या निदर्शनास आणले की, गरीब पालकही पदरमोड करून मुलांस खासगी शाळेत घालतात. त्यांच्या निवडीचा मान राखला पाहिजे. हे खरे आहे. आमच्या दुकानांतील नोकर आणि बाजारातील हमाल यांनाही आपले मूल इंग्रजी शाळेत जावे असे वाटते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. तसेच अविभाजित आंध्र प्रदेशात 500 सरकारी शाळांत झालेल्या एका प्रयोगात, विद्यार्थ्यांच्या प्रगतीनुसार शिक्षकांस थोडी बक्षिसी दिल्याने गुण वाढल्याचे दिसून आले. तेव्हा प्रोत्साहनाचा काहीच उपयोग नाही, असे आमचे म्हणणे नाही.

परंतु याच आंध्र प्रदेशात 180 गावांत शिक्षणाच्या हुंडीचाच प्रयोग झाला. सोडत काढून काही मुलांस सरकारी शाळेतून खासगी शाळेत जाण्यासाठी पैसे देण्यात आले व चार वर्षांनी त्यांची तुलना मागे राहिलेल्या मुलांशी करण्यात आली. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष दोन्ही पक्षांनी वाचण्यासारखे आहेत. तेलुगू व गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळांची मुले पुढे होती. आणि खासगी शाळेचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळेच्या मानाने पुष्कळच कमी होता. म्हणजे खासगी शाळा स्वस्त ठरली, हे मान्य केले पाहिजे. पण ती स्वस्ताई मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून आलेली असते, आणि भाषा व गणित या पायाच्या विषयांत मूल अधिक शिकले, असे सिद्ध झाले नाही.

परदेशांचा अनुभवही हेच शिकवितो. चिली देशाने 1981 पासून हुंडीची पद्धत देशभर राबविली. वर्गावर्गांतील दरी इतकी वाढली की 2015 मध्ये कायदा करून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांतील नफा, जादा फी आणि प्रवेशाची निवड यांवर बंदी आणण्याचे ठरवावे लागले. स्वीडनमध्ये 2013 साली शाळा चालविणारी एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली व हजारो विद्यार्थ्यांची व्यवस्था ऐन वेळी अन्यत्र लावावी लागली. पेढी बुडाली तर धनको बुडतात; शाळा बुडाली तर मुलाचे वर्ष बुडते. आणि ज्यांस बाजारशास्त्राचे आद्य आचार्य मानतात त्या ॲडम स्मिथने 1776 च्या आपल्या ग्रंथात काय म्हटले आहे? सामान्य जनांच्या प्राथमिक शिक्षणाची सोय सार्वजनिक खर्चाच्या साहाय्याने व्हावी, असेच त्याने सुचविले आहे. गुरुजींच्या प्राप्तीचा काही भाग फीतून यावा, असेही तो म्हणतो. पण शाळेचे दार पैशाअभावी कोणास बंद राहावे, असे तो म्हणत नाही.

आता आपणांस अधिक जवळच्या विषयाकडे येतो. तो विषय दानाचा. ‘मन ऊरु मन बडी’ योजनेत देणगीच्या रकमेप्रमाणे वर्गखोलीस अथवा शाळेस दात्याचे नाव देण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक शाळा योजना जाहीर करून त्याचे दरच ठरवून दिले. मोठ्या महानगरपालिकांच्या हद्दीतील शाळा पाच वर्षांसाठी दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी. ग्रामीण भागातील शाळा पाच वर्षांसाठी पन्नास लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. आणि त्या मुदतीत शाळेच्या नावास दात्याने सुचविलेले नाव जोडण्याची मुभा. दान देणे आपणांस नवे नाही. आपल्या परंपरेत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने सांगितली आहेत, आणि त्यांत ज्ञानाच्या दानाची थोरवी विशेष मानली आहे. गावोगावच्या धर्मशाळा, पाणपोया, वाचनालये व छात्रालये या समाजाच्या औदार्याची साक्ष देतात. दात्याच्या नावाची शिळा बसविण्यातही काही गैर नाही. परंतु दान आणि भाडेपट्टा यांत भेद आहे. ज्या देणगीस मुदत आहे, दर आहे आणि मोबदल्यात पाटी आहे, ती देणगी नव्हे, तो सौदा होय. मुदत संपताच पाटी उतरणार आणि दुसरी चढणार. त्या गावच्या मुलांनी मात्र आपल्या शाळेचे नाव दर दहा वर्षांनी नव्याने पाठ करावयाचे!

याउलट कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आठवावे. 1887 साली कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने कारखान्याचा माल गावोगाव विकण्याचेही काम केले होते. म्हणजे बाजार त्यांस अपरिचित नव्हता. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहत, एका पंक्तीत जेवत आणि श्रम करून शिकत. त्यांनी शेठ-सावकारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांकडे झोळी पसरली, धान्याची मूठदेखील स्वीकारली. पण कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर आलेली मोठी रक्कम त्यांनी नाकारल्याची हकीकत आजही आदराने सांगितली जाते. दान घेणाऱ्याने ताठ असावे आणि देणाऱ्याने नम्र असावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

मात्र केवळ दानावर सर्वांचे शिक्षण होईल, असेही कोणी समजू नये. निजामी राजवटीत वरचे शिक्षण उर्दूत असताना मराठी समाजाने वर्गणी गोळा करून हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय यांसारख्या संस्था विसाव्या शतकाच्या आरंभी उभ्या केल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही 1951 च्या जनगणनेच्या वेळी हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती. समाजाची झोळी मोठी असली तरी प्रत्येक मुलापर्यंत पोचत नाही. म्हणूनच महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडले आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात ते प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला.

या सर्व प्रश्नाची सर्वांत मोठी झळ आपल्या मराठी शाळांस बसते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून गेले, आणि बेला, जैनथ, तामसी या बाजूंची मराठी वस्ती येथेच राहिली, तर भैंसा, मुधोळ या बाजूंची नांदेड जिल्ह्यातून येथे जोडली गेली. त्याच वर्षी घटनेत 350-अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगण्यात आले. राज्याची भाषा म्हणून तेलुगू शिकावी, याविषयी आमचा वाद नाही. 2018 च्या कायद्याने ती सर्व शाळांत अनिवार्य झाली आहे आणि व्यापारासही तिच्याविना गती नाही. इंग्रजीही यावीच. पण ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते त्याने पहिली अक्षरे मराठीत गिरवावीत, या हक्काचे मोल पटसंख्येवर ठरविणे म्हणजे अल्पसंख्याकास तुम्ही अल्प आहात म्हणून तुमचा हक्क नाही, असे सांगणे होय. बाजारात बहुतांची मागणी भाव ठरविते. हक्काचा भाव मागणीवर ठरत नाही.

कोणी म्हणेल, आपली मुले खासगी शाळांत जातात, मग आपणांस याचे काय? आमचे उत्तर असे की, आपली मुले ज्यांच्यामध्ये राहून उद्या व्यवहार करणार आहेत त्यांची मुले सरकारी शाळेत जातात. जिनिंगमधील मजूर, अड्ड्यावरील हमाल, गाडीवान, उधारीवर बियाणे नेणारा शेतकरी, यांच्या मुलांस पावती वाचता यावी, व्याजाचा हिशेब कळावा, यात आपलेही हित आहे. ज्या गावात गिऱ्हाईक हिशेब वाचू शकते त्या गावात सचोटीच्या व्यापाऱ्यास भय नसते. लबाडासच निरक्षर गिऱ्हाईक प्रिय असते.

म्हणून आम्ही सभासदांपुढे चार गोष्टी नम्रपणे ठेवतो. एक, सरकारी शाळेस देणगी द्यावयाची झाल्यास ती नावाच्या अटीविना द्यावी, आणि इमारतीच्या दर्शनी रंगापेक्षा ग्रंथालय, प्रयोगशाळा व मुलींसाठी स्वच्छतागृह यांस आधी द्यावी. दोन, आपली देणगी शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा पर्याय होऊ देऊ नये. शिक्षक नेमणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी आपल्या संघटनेने, बाजार समितीच्या प्रश्नांसाठी करतो त्याच नेटाने, जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन करावे. तीन, आपल्या नोकरवर्गातील पालकांस शाळेच्या समितीच्या बैठकीसाठी पगारी सवड द्यावी. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत, आणि 2024 मध्ये तेलंगणात महिलांच्या बचतगटांशी जोडलेल्या अम्मा आदर्श पाठशाला समित्याही स्थापन झाल्या. पण रोजंदारी बुडवून बैठकीस कोण जाणार? चार, एखादी मराठी शाळा पटाअभावी मिटण्याच्या बेतात असल्यास, ती मिटण्यापूर्वी तेथील शिक्षकांची स्थिती काय होती याची माहिती संघटनेने मागवावी व ती लोकांपुढे ठेवावी.

पेढीची खतावणी वर्षअखेरीस मिटते. शाळेची खतावणी एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या नावे लिहिलेली असते; तिच्यात जमा काय झाले, हे लिहिणाऱ्यास बहुधा पाहावयास मिळत नाही. तिला नफ्या-तोट्याच्या वहीत बांधू नये, एवढेच आमचे मागणे आहे. आमचे सुज्ञ सभासद यावर विचार करतील व येत्या वर्षाच्या कार्यक्रमात यास स्थान देतील, अशी आशा बाळगून हा लेख येथेच पुरा करतो.